दिंडोरी रस्त्यावरचा आमचा दवाखाना आणि त्याचे महिन्याचे पत्रक

"साधी सर्दी, घसा खवखवणे आणि अंगात कणकण एवढीच तक्रार असेल, तर पहिले तीन दिवस दवाखान्यात येण्याची घाई करू नये." नाशकात दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळच्या अलीकडे असलेल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या पावसाळ्यात जे पत्रक लागले, त्याची सुरुवात या वाक्याने झाली होती. बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी ते मोठ्याने वाचले आणि शेजाऱ्याला विचारले, "मग यांचं चालायचं कसं?" प्रश्न रास्त होता. आमच्या घरातली चार माणसे अकरा वर्षे याच दवाखान्यात जातात आणि इथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे असे माझ्या सासूबाईंचे ठाम मत आहे. माझे मत थोडे वेगळे आहे. कशासाठी यावे, कशासाठी येऊ नये आणि कशासाठी इथे न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जावे, हे या दवाखान्यात आधीच लिहून सांगितले जाते आणि लिहिलेले आत खुर्चीवर बसलेले डॉक्टर स्वतः पाळतात, ही मला गुणापेक्षा मोठी गोष्ट वाटते. त्या पहिल्या वाक्याने आमच्याच घरी एकदा घोटाळा केला, तोही मी पुढे सांगणार आहे.

दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या ज्येष्ठ डॉक्टरांना विचारले तेव्हा "लिहा, पण नावाशिवाय," एवढेच ते म्हणाले. डॉक्टरांनी स्वतःची जाहिरात करू नये, असे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. नवा दवाखाना सुरू करणे, पत्ता बदलणे, काही दिवस रजेवर असणे, शुल्क जाहीर करणे अशा मोजक्या गोष्टींचेच औपचारिक निवेदन त्यांना देता येते. रुग्णाने लिहिलेला अभिप्राय या नियमात अडकतो की नाही यावर वाद घालता येईल, परंतु त्यांचा संकोच मला मान्य आहे.

इथे तीन डॉक्टर बसतात. सत्तरीला टेकलेले मोठे डॉक्टर, त्यांचे चिरंजीव म्हणजे धाकटे डॉक्टर, आणि सूनबाई, ज्या बालरोगतज्ज्ञ आहेत आणि सगळ्यांच्याच 'मॅडम' आहेत. तिघांचे नोंदणी क्रमांक दारातल्या पाटीवर आणि प्रत्येक चिठ्ठीवर छापलेले असतात. हे नियमाने सर्वत्रच असायला हवे. पण पुढच्या वेळी तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी हातात पडेल तेव्हा जरूर पाहा. राज्यातल्या असंख्य डॉक्टरांना पदवी देणारे, १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच रस्त्यावर आहे. तरीही या भागात नव्याने राहायला आलेल्या माणसाला 'आपला फॅमिली डॉक्टर कोण' हे ठरवायला वर्ष-दोन वर्षे सहज लागतात, हा आमच्या बाजूचा एक जुना विनोद आहे.

पत्रकाची प्रथा २०२० च्या टाळेबंदीत सुरू झाली. तेव्हा लोकांना दवाखान्यात गर्दी करू नका हे सांगण्यासाठी ते निघाले आणि नंतर बंद करण्याचे कोणाच्या मनात आले नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक प्रत औषधांच्या खिडकीशेजारी चिकटवली जाते आणि तिचाच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. डाव्या बाजूला दवाखान्याच्या बातम्या असतात: कोणते डॉक्टर कधी रजेवर आहेत, फ्लूची लस आली की नाही, सणाच्या दिवशी संध्याकाळी दार उघडे राहील का. तपासणीचे शुल्क दोनशेवरून तीनशे रुपये झाले, तेव्हा तेही महिनाभर आधी इथेच छापले होते, आणि पाच दिवसांच्या आत त्याच दुखण्यासाठी पुन्हा आल्यास पैसे घेतले जाणार नाहीत हेही त्याच चौकटीत होते. शंभर रुपये वाढल्याचे कोणाला आवडत नाही. पण आत गेल्यावर कंपाउंडरने "आता तीनशे झालेत" असे सांगणे आणि महिनाभर आधी कळणे यांत फरक आहे.

उजव्या बाजूचा मजकूर मात्र खरा वाचनीय. तो ऋतूप्रमाणे बदलतो, आणि त्यातला एक विषय वर्षातून दोनदा तरी येतोच: अँटिबायोटिक. सर्दी-पडसे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, आणि ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ते औषध चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून घेऊ नये, एवढे तीन मुद्दे दरवेळी नव्या शब्दांत मांडलेले असतात. हे वाचायला सोपे आहे, अमलात आणायला कठीण. इथे येण्यापूर्वी आम्ही ज्या दवाखान्यात जात होतो, तिथे माझ्या मुलाला एका हिवाळ्यात तीन वेगवेगळी अँटिबायोटिके दिली गेली होती आणि प्रत्येक वेळी दोन दिवसांत बरे वाटल्याने आम्हीही खूश होतो. ते बरे वाटणे औषधामुळे की दुखण्याची मुदत संपल्यामुळे, हा प्रश्न त्या वेळी डोक्यातही आला नव्हता. मॅडमनी पहिल्याच भेटीत चिठ्ठीवर औषधाऐवजी 'गुरुवारपर्यंत ताप राहिला तर परत' असे लिहून दिले, तेव्हा मी खरे तर नाराज होऊन बाहेर पडले होते. गुरुवारी मुलगा शाळेत होता.

सलाईनवरचे पत्रक तर आजूबाजूच्या गावांतही फिरले असावे. दिंडोरीकडून येणारी बरीच मंडळी "अशक्तपणा आहे, एक बाटली लावा" असे सांगतच आत शिरतात, आणि बाटली न लावणारा डॉक्टर त्यांना अर्धवट वाटतो. त्या महिन्याच्या पत्रकात सरळ हिशेब मांडला होता: पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटर सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे साधारण पाच चमचे साखर आणि पाऊण चमचा मीठ, ज्याला तोंडाने खाता-पिता येते त्याने ते तोंडानेच घ्यावे. त्याखाली जुलाबांसाठी ओआरएसची पुडी कशी कालवावी हे होते. मोठी पुडी पूर्ण एका लिटरमध्ये एकाच वेळी कालवायची, थोडी पूड कपात आणि उरलेली डब्यात असे करायचे नाही, कारण मिठाचे प्रमाण बिघडते. आणि तयार पाणी चोवीस तासांनी टाकून द्यायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला मनाई केली, तेव्हा पुढच्या पत्रकात दोनच ओळी आल्या: पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या, चव पाहून घेऊ नका.

त्याच महिन्यात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधामुळे लहान मुले दगावली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन आढळले होते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीचे औषध देऊ नये आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ते सहसा देऊ नये, अशी सूचना केंद्रीय आरोग्य खात्याने काढली. घराघरांत धसका होता. आमच्या पत्रकाची एक जादा आवृत्ती त्या आठवड्यात निघाली आणि तिच्यात घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून घेऊन या, असे लिहिले होते. मी माझ्या नणंदेच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी आणलेली बाटली घेऊन गेले. मॅडमनी ती खिडकीच्या उजेडात धरली, लेबल फिरवून बारीक अक्षरांवर नख टेकवले आणि मला वाचायला सांगितले: चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नये. बाटली आमच्या घरात पाच महिने होती. तिच्या टोपणाने आम्ही औषध मोजत होतो. मॅडमनी कोणालाही दोष दिला नाही. एक वर्षावरच्या मुलाला रात्री झोपताना अर्धा चमचा मध द्या, वर्षाखालच्या बाळाला मात्र मध अजिबात नको, असे सांगून बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढच्या आईला बोलावले.

डेंग्यूच्या पत्रकाचे ऋण आमच्यावर वेगळेच आहे. नाशकात पावसाळा ओसरू लागला की डेंग्यूच्या आणि चिकुनगुन्याच्या बातम्या सुरू होतात, आणि पपईच्या पानांच्या रसापासून शेळीच्या दुधापर्यंत उपायांचा महापूर येतो. पत्रकात उपायांवर एक ओळ होती आणि डासावर अर्धे पान. हा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि त्याची अंडी पाण्याच्या पातळीच्या वर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. फ्रिजच्या मागचा ट्रे मी आयुष्यात पहिल्यांदा त्या दिवशी बाहेर काढला आणि त्यात काय होते ते इथे लिहीत नाही.

तरीही माझ्या पतींना डेंग्यू झालाच. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि ते सातपूरला कामावर जायला निघाले. पत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत जपण्याचे असतात, कारण त्याच वेळी रक्तवाहिन्यांतले पाणी बाहेर झिरपून रक्तदाब कोसळू शकतो; पोटात सतत दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा शौचातून रक्त आणि गुंगी ही धोक्याची चिन्हे आहेत. मी त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेले. प्लेटलेट चौऱ्याहत्तर हजार आल्या होत्या आणि आमचे तोंड उतरले होते. धाकट्या डॉक्टरांनी अहवालावरच्या त्या आकड्याखाली रेघसुद्धा मारली नाही. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहिले, बोटाने पोट दाबून पाहिले आणि विचारले, "काका, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात?" मग एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून दिले: किती प्यायलात आणि किती वेळा गेलात. पॅरासिटामॉल सोडून दुसरी कोणतीही वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही, हे त्याच कागदावर लाल शाईने लिहिले. रोज एकदा रक्त तपासले गेले. प्लेटलेट एकसष्ट हजारांपर्यंत उतरल्या आणि तिसऱ्या दिवशी लाखाच्या वर गेल्या. भरती व्हावे लागले नाही. तो रकान्यांचा कागद अजून फ्रिजवर आहे.

रक्तदाबाविषयी थोडक्यात. सासूबाईंचा बीपी मोजण्याआधी इथली सिस्टर त्यांना पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसवते. कोपऱ्यावर चहा पिऊन आलेल्या सासूबाईंचा आकडा पहिल्या वेळी १५८ आणि दहा मिनिटांनी १४२ आला. चहानंतर निदान अर्धा तास थांबा, हे पत्रकात होते. ते आम्ही वाचले होते, आणि चहाही प्यायला होता.

सर्वांत उपयोगाचा मजकूर वर्षभर दारावर कायम चिकटवलेला असतो, आणि त्याचे शीर्षक आहे 'यासाठी इथे येऊ नका'. छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला असेल, चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली असेल, एका हातातली ताकद अचानक गेली असेल किंवा जीभ जड झाली असेल, तर १०८ क्रमांकाला फोन करा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. पक्षाघातावरचे गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्यातला अर्धा तास आमच्या बाकावर घालवू नका. कुत्रा चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि मग नदी ओलांडून जिल्हा रुग्णालय गाठा. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचे इम्युनोग्लोब्युलिनही लागते आणि ते इथे ठेवलेले नसते. द्राक्षबागेत फवारणी करताना चक्कर, लाळ, घाम आणि अंधुक दिसणे सुरू झाले तर अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत न्या, कारण डब्यावरच्या नावावरून उतारा ठरतो. स्वतःच्या दवाखान्याच्या मर्यादा दारावर लावणारा दुसरा व्यवसाय माझ्या पाहण्यात नाही.

आता घोटाळ्याविषयी. सुरुवातीला दिलेले तीन दिवसांचे वाक्य सासूबाईंनी शब्दशः पाळले. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मधुमेही. सर्दी झाली, खोकला सुरू झाला, आणि मी चला म्हटले की त्या भिंतीवर नव्हे तर मोबाईलवर बोट ठेवून पत्रक दाखवत. पत्रकात कोणासाठीही अपवाद लिहिलेला नव्हता. चौथ्या दिवशी पहाटे त्या उठून बसल्या आणि बोलताना वाक्य पुरे न करता मध्येच थांबू लागल्या. मोठ्या डॉक्टरांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९१ आकडा पाहिला, पाठीला स्टेथोस्कोप लावून उजवीकडे खाली दोनदा ऐकले आणि आम्हाला रुग्णालयाची चिठ्ठी दिली. न्यूमोनिया होता. सहा दिवस भरती राहून त्या घरी आल्या.

परत दाखवायला गेलो तेव्हा मी, रागाने म्हणा किंवा भीतीने, मोठ्या डॉक्टरांना विचारले की तुमचे ते वाक्य वाचून घरी थांबलेल्या म्हाताऱ्या माणसांचे काय? त्यांनी टेबलावरून पत्रक उचलले, ते पहिले वाक्य पुन्हा वाचले आणि म्हणाले, "आजींची चूक नाही. आम्ही लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर तरुण माणूस होता." पैसे घेतले नाहीत, हा भाग सोडून द्या. पुढच्या महिन्याच्या पत्रकात तेच वाक्य होते, आणि त्याखाली चौकटीत जाड अक्षरांत नवी ओळ होती: ६५ वर्षांवरील व्यक्ती, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, गरोदर स्त्रिया आणि एक वर्षाखालील बाळे यांना ही सूचना लागू नाही, त्यांनी पहिल्याच दिवशी यावे, आणि श्वास लागत असेल तर कोणीच थांबू नये. गेल्या महिन्याच्या पत्रकात ही ओळ राहून गेली, ही आमची चूक, असेही खाली लिहिले होते. छापील चूक छापून मान्य करणारी माणसे मी नाशकात फार पाहिलेली नाहीत.

उरलेल्या तक्रारी लहान आहेत, पण त्या आहेत. पत्रकाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो इतक्या बारीक अक्षरांत की ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना तो नातवंडांकडून वाचून घ्यावा लागतो. मजकूर टाइप करून पाठवायला काय हरकत आहे, हे मी तीनदा सुचवले आहे. पत्रकांत बायकांच्या चाळिशीनंतरच्या तक्रारींवर आजवर एकही ओळ आलेली नाही, आणि झोप न लागणे, मन न लागणे यांवरही नाही. बाकावर बसलेल्या निम्म्या बायका याच गोष्टी एकमेकींना सांगत असतात. औषधे मूळ नावाने लिहिली जातात हे चांगले, पण शेजारच्या मेडिकलमध्ये ती त्या स्वस्त रूपात बहुधा नसतात आणि जनऔषधी केंद्र शोधत फिरावे लागते. २०२७ चा सिंहस्थ आता फार लांब नाही. २०१५ मध्ये पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडचे रस्ते बंद होते, म्हणून बीपी-शुगरच्या माणसांनी गोळ्या किती दिवसांच्या भरून ठेवाव्यात आणि नदीपलीकडे जायचे झाल्यास कसे जावे, यावर यांनी वेळेवर एक पत्रक काढावे अशी माझी विनंती आहे.

सर्वांत मोठा त्रास मात्र फोनचा. नंबर लावायला सकाळी आठला एकच लाइन सुरू होते आणि साडेआठपर्यंत ती गुंतलेलीच असते. समोर जाऊन उभे राहणाऱ्याला पहिले दहा नंबर मिळतात, म्हणजे जो खरा आजारी आहे तो मागे राहतो. याबद्दल पत्रकात कधी काही आलेले नाही.

सासूबाई हल्ली पत्रक आले की आधी ती चौकटीतली जाड ओळ काढायला लावतात, माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतात आणि मगच ठरवतात. काल घसा दुखत होता म्हणून त्यांनी नंबर लावायला सांगितला. आठ वाजून बावीस मिनिटांनी फोन लागला आणि एकोणिसावा नंबर मिळाला.